खाटेच्या पायथ्याची बाटली

अतिदक्षता विभागातल्या सिस्टरचा एक तास जवळून पाहावा. व्हेंटिलेटरच्या नळीतला कफ सक्शनने ओढायचा, सेंट्रल लाइनमधून औषध सोडायचे, लघवीची पिशवी रिकामी करायची, रुग्णाची कूस बदलायची. तेवढ्यात शेजारच्या खाटेचा पंप वाजू लागतो. यातल्या जवळजवळ प्रत्येक कामाच्या आधी किंवा नंतर हात स्वच्छ व्हायला हवेत. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात 1994 मध्ये निरीक्षकांनी हे मोजले, तेव्हा आयसीयूत रुग्णसेवेच्या दर तासाला असे सरासरी 20 प्रसंग निघाले.

बेसिनपर्यंत जायचे, साबण चोळायचा, हात पुसून परत यायचे, यात एक ते दीड मिनिट जाते. नियम तंतोतंत पाळायचा तर तासातली 20 ते 30 मिनिटे बेसिनपाशीच संपतील. मग रुग्णाकडे कोण पाहणार? त्या रुग्णालयात हात स्वच्छ करण्याचे प्रमाण सरासरी 48 टक्के भरले आणि आयसीयूत ते 36 वर आले. जिथे एका जंतूनेही जीव जाऊ शकतो, तिथेच ते सर्वांत कमी होते.

हातांच्या स्वच्छतेचा इतिहास इग्नाझ सेमेलवाइसपासून सांगितला जातो. व्हिएन्नात 1847 मध्ये त्याने शवविच्छेदन करून प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि सुमारे 18 टक्क्यांवर गेलेले मातामृत्यू काही महिन्यांत दोन टक्क्यांच्या आसपास आले. गोष्ट खरी आहे, पण तिच्यामुळे एक समज पक्का झाला: हात न धुणे म्हणजे अज्ञान किंवा हट्ट. जिनिव्हाचे संसर्गनियंत्रण प्रमुख दिदिए पिते यांनी मात्र दोष माणसांना दिला नाही. अंतर आणि वेळ हाच अडसर आहे, हे त्यांनी ओळखले. बेसिन रुग्णाजवळ नेता येत नाही, बाटली नेता येते. औषधनिर्माते विल्यम ग्रिफिथ्स यांचे अल्कोहोलचे द्रावण खाटांशी आणि कर्मचाऱ्यांच्या खिशांत पोहोचले. 20 ते 30 सेकंद चोळले की काम झाले, आणि तेही खाटेजवळून न हलता. कर्मचाऱ्यांच्याच मदतीने केलेली भित्तिपत्रके भिंतींवर लागली. 1998 पर्यंत हात स्वच्छ करण्याचे प्रमाण 66 टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयात होणारे संसर्ग 16.9 वरून 9.9 टक्क्यांवर आले.

त्या बाटलीतले द्रावण दिसते पाण्यासारखे, पण त्याच्या प्रत्येक थेंबामागे विचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे जगाला दिलेल्या एका पाककृतीत 80 टक्के इथेनॉल असते. शुद्ध अल्कोहोल का नाही? जंतूंची प्रथिने मोडायला थोडे पाणी लागतेच. 1.45 टक्के ग्लिसरॉल असते, दिवसभर चोळून त्वचेला भेगा पडू नयेत म्हणून. आणि 0.125 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड हातांसाठी नसतेच. द्रावणात किंवा बाटलीत चुकून शिरलेले बीजाणू मारणे हे त्याचे काम. या कृतीवर पेटंट नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण. 2020 च्या साथीत महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्या सॅनिटायझर बनवू लागल्या, तेव्हा उसाच्या मळीतून निघणारे हेच इथेनॉल कामी आले.

तरी बाटलीने सगळे सुटले नाही. हातावर रक्त वा घाण दिसत असेल, तर साबण-पाणीच हवे. जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसाइल या जंतूच्या बीजाणूंवर अल्कोहोल चालत नाही. ग्लोव्ह्ज तर फसवे कवच ठरतात: एकच जोडी घालून दोन रुग्ण हाताळले, तर जंतूही एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात. ग्लोव्ह्ज काढल्यावरही हात स्वच्छ करावेच लागतात. निरीक्षक वही घेऊन उभा असला की सगळ्यांचे हात बाटलीकडे जातात, तो गेला की आकडा घसरतो. जिनिव्हातल्या त्या पाहणीत डॉक्टर परिचारिकांच्या मागे होते, आणि ज्येष्ठांनीच टाळले तर शिकाऊ मुलेही तेच शिकतात.

सर्वांत अवघड अडचण कामाच्या ओझ्याची आहे. तासाला हात स्वच्छ करण्याचे प्रसंग जितके जास्त, तितके ते पाळले जाण्याचे प्रमाण कमी, हे त्याच पाहणीत दिसले. एका सिस्टरकडे एक अत्यवस्थ रुग्ण असला तर ही बाटली तारते. तीन-चार असले तर 20 सेकंदही परवडत नाहीत. अशा वॉर्डात पोस्टर लावून दोष सिस्टरच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. तिथे आधी माणसे वाढवायला हवीत.

भेटीच्या वेळेत आपल्या माणसापाशी आयसीयूत जाल, तेव्हा आत शिरताना आणि बाहेर पडताना दारातल्या बाटलीने स्वतःचे हात चोळा. खाटेजवळची बाटली रिकामी दिसली, तर ती भरून मागा. आणि कुणी घाईत बाटलीला हात न लावताच नळीला हात घालत असेल, तर नम्रपणे विचारा, ‘हात स्वच्छ केलेत ना?’