तिसरी पिन कशासाठी?

ड्रिल, ग्राइंडर, कटर यांच्या वायरी प्लगविना थेट सॉकेटमध्ये आगकाडीने खोचल्याचे दृश्य लहान वर्कशॉपमध्ये आजही दिसते. यंत्र चालते, म्हणून जोडणी योग्य आहे असे मानले जाते.

मात्र अशा जोडणीत अर्थिंगच नसते. यंत्रातील वायरीचे आवरण झिजून वीज धातूच्या बाह्य भागात उतरल्यास ती कामगाराच्या शरीरातून जमिनीकडे जाते. प्लगची तिसरी पिन लांब असते ती याचसाठी. अर्थिंग सर्वात आधी जोडले जावे आणि प्लग काढताना सर्वात शेवटी सुटावे, हा त्यामागील हेतू आहे.

एमसीबी बसविला म्हणजे धोका टळला, हाही गैरसमजच. एमसीबी प्रामुख्याने वायरिंगचे रक्षण करतो. ६ अँपिअरचा एमसीबी जो प्रवाह सहज वाहू देतो, त्याच्या शंभराव्या भागानेही माणूस दगावू शकतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहात तेवढा फरक पडताच तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. त्यावरील टेस्टचे बटण वेळोवेळी दाबून पाहावे. ते सहसा कोणी दाबत नाही.

२००० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेते. त्यास १६ अँपिअरचेच सॉकेट द्यावे. एक्स्टेंशनची गुंडाळलेली वायर तापते, त्यामुळे ती पूर्ण उलगडूनच वापरावी.

चौकोनात चौकोन असे चिन्ह असलेल्या दुहेरी इन्सुलेशनच्या यंत्रांना मात्र अर्थिंग लागत नाही.