तलावाच्या पाळीवरचा तास

महाविद्यालयीन शिक्षणाचा हिशेब मांडताना आपण तासिका, परीक्षा आणि गुणपत्रिका यांचीच रुजवात घालतो. परंतु पदवी हाती पडून वर्षे लोटल्यावर ज्याने माणूस घडला असे जाणवते, त्याची नोंद महाविद्यालयाच्या दप्तरात क्वचितच सापडते. भंडारा जिल्ह्यात याचा उत्तम दाखला राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात मिळतो.

गांधी-जन्मशताब्दीच्या निमित्ताने 24 सप्टेंबर 1969 रोजी 37 विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाकाठी 120 तास, दोन वर्षांत 240 तास समाजकार्यास द्यावेत, असा तिचा शिरस्ता आहे. भंडाऱ्याची महाविद्यालये ज्या नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याला ग्रामगीताकार तुकडोजी महाराजांचे नाव असावे, हेही उचितच.

धानाची कापणी आटोपलेली, बांध्या मोकळ्या पडलेल्या, आणि घमेली-फावडी घेऊन मुलेमुली मामा तलावाच्या पाळीवर चढलेली, असे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी समाजाच्या जलकौशल्याची कीर्ती सांगणारे हे तलाव 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर सरकारकडे गेले, आणि ज्यांच्या शेताला पाणी मिळे, त्यांचा देखभालीतला हात हळूहळू सुटत गेला. जी मुलगी अशाच एखाद्या तलावाकाठी वाढली, पण तुडुमातून पाणी पाटात कसे सोडतात आणि वाढीव पाणी सलंगावरून का वाहू देतात हे जिने कधी विचारले नव्हते, तिला ते येथे शाळेचे तोंडही न पाहिलेला एखादा म्हातारा समजावून सांगतो. आणि विद्या केवळ इमारतीत राहत नाही, ही गोष्ट तिला कोणी न शिकवता कळते. संध्याकाळी गावसभेत चार वाक्ये बोलणे, पन्नास माणसांच्या शिध्याचा अंदाज बांधणे, कामचुकार सोबत्याला न दुखावता कामाला लावणे, हे पाठही तेथेच गिरवले जातात.

तास केवळ कागदोपत्री भरले, दोन घमेली माती उचलून छायाचित्र काढले, तर हे सारे व्यर्थ, हे खरेच. म्हणून शिबिराची खरी परीक्षा प्रमाणपत्रात नसते. पुढच्या मृगात, स्वतःच्या निकालाची धाकधूक चालू असतानाही, ‘त्या तलावात पाणी किती आले?’ असे तिला विचारावेसे वाटले, म्हणजे सात दिवस कारणी लागले.