चित्राचा अर्थ कोणी सांगायचा?

भिलाईहून एका वाचक भगिनीने विचारलं आहे: दुसरीतला मुलगा हल्ली प्रत्येक चित्रात आभाळ काळं रंगवतो. मोबाइलवर फिरणाऱ्या एका तक्त्यात काळा रंग म्हणजे नैराश्य असं लिहिलंय. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी कलोपचार सुचवलेत. यात विज्ञान किती?

आधी तो तक्ता पुसून टाका. रंगांचा असा कोणताही कोश विज्ञानाकडे नाही. काळं आभाळ हे भिलाईत पोलाद कारखान्याचं रात्रीचं दृश्यही असू शकतं. तिथली पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली, म्हणजे आता आजोबाही ते पाहत मोठे झालेले. बाबा तिथे रात्रपाळीला जात असतील, तर मुलाला त्यांची काळजी वाटते, अभिमान वाटतो, की काळा खडूच तेवढा उरला होता? नुसतं चित्र पाहून हे कुणालाच सांगता येणार नाही. त्यालाच विचारायला हवं.

समुपदेशक बाईंनी सुचवलेल्या कलोपचाराची सुरुवात मात्र फार सुंदर आहे. एड्रियन हिल हा पहिल्या महायुद्धात आघाडीवर जाऊन चित्रं काढणारा इंग्रज चित्रकार. १९३८ साली क्षयाने त्याला इंग्लंडमधल्या मिडहर्स्टच्या आरोग्यधामात नेलं. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. महिनोन्‌महिने पडून राहायचं. हिल खाटेवरून हाताशी दिसेल त्या वस्तूची चित्रं काढू लागला, मग इतर रुग्णांनाही त्याने कागद-पेन्सिल दिली. पुढे दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांनी त्या कागदांवर आपली भीती उतरवली. १९४२ साली हिलने या प्रकाराला ‘आर्ट थेरपी’ हे नाव दिलं.

पण मला हिलहून मोठा वाटतो तो इंग्रज चित्रकार एडवर्ड अ‍ॅडमसन. त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. १९४६पासून तो इंग्लंडमधल्या नेदर्न मनोरुग्णालयात चित्रशाळा चालवत होता. तो कुणाला रेखाटन शिकवत नसे आणि चित्राचा अर्थही लावत नसे. नुसता सोबत बसे. मनोविश्लेषकांचा दबदबा असलेल्या त्या काळात हे गप्प बसणं सोपं नव्हतं. चांगला कलोपचारतज्ज्ञ आजही ‘हे काय काढलंस?’ असं दरडावत नाही. ‘या चित्राबद्दल सांगशील?’ म्हणतो आणि थांबतो. बोलण्यावर चालणारे उपचार वेगळे. आपल्याकडे मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धत रुजवली. तिथे माणूस आपले विचार शब्दांत मांडतो आणि मग ते तपासतो. सात वर्षांच्या मुलाकडे ते शब्द कुठून असणार? अपघातातून वाचलेल्या मोठ्या माणसालाही कित्येकदा ते सापडत नाहीत. बोलायला काहीतरी समोर असावं, म्हणून चित्र.

आता पुरावा. संशोधक गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली अमेरिकेत ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, रंग, कागद दिले. सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक उतरलं, आणि चित्रकलेचा सराव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. वर्तमानपत्रांनी हे डोक्यावर घेतलं. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नुसतं शांत बसूनही कॉर्टिसॉल उतरलं असतं का, हे त्यातून कळत नाही. उलट ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या उपचारांना गट-कलोपचाराची जोड देऊन जास्तीचा फायदा आढळला नाही. बरेच रुग्ण सत्रांना फिरकलेच नव्हते, हेही खरं. म्हणून औषधं बंद करून रंगपेटी आणा, असं कुणी सांगितलं तर तिथून उठून यावं.

त्या भगिनींना माझं सांगणं असं: समुपदेशक बाईंनी कलोपचाराचं प्रशिक्षण कुठे घेतलं, ते संकोच न करता विचारा. मुलाची चित्रं त्याच्या परवानगीशिवाय नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. रंगापेक्षा त्याची झोप, भूक, खेळ, शाळेत जायची तयारी याकडे लक्ष द्या. तिथे काही आठवडे बदल दिसला, तर बालमानसतज्ज्ञाला दाखवा. मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा सरकारी मदत क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.