पर्यावरणाची फूटपट्टी

खेड्यातल्या मुलांची पर्यावरणविषयक अभिवृत्ती मोजताना रेन्सिस लिकर्टची १९३२ सालची पद्धत आजही वापरतात. प्रत्येक विधानाला ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असे पाच पर्याय. त्यांना पाच ते एक गुण. ‘सरपणासाठी झाड तोडणे गैर आहे’ याला आईबरोबर मोळी वाहणारी मुलगी ‘असहमत’ म्हणते आणि प्रतिकूल ठरते. गॅसवाल्या घरातला मुलगा पूर्ण गुण मिळवतो. मोजली काय, अभिवृत्ती की चूल?

‘पाणी सर्वांचे’ हे विधानही तसेच. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे ठरावाने खुले केले. पाणी प्यायला मात्र १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो : आधी विचारा, सरपण कोण आणते? पाणवठ्यावर हात लावू देतात का? मग गुणांची बेरीज करा.