गॅलन कुठला, ते आधी पाहा

अमेरिकेतल्या पेट्रोल पंपावरचा गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. पाऊण लिटरचा हा फरक जुना आहे. राणी ॲनच्या काळात, १७०७ मध्ये, इंग्लंडने वाइनचा गॅलन २३१ घनइंच ठरवला आणि अमेरिकेने पुढे तोच धरून ठेवला. ब्रिटनने मात्र १८२४ च्या कायद्याने १० पौंड पाणी मावेल एवढा नवा गॅलन आणला.

गॅलनचे पाइंट दोन्हीकडे आठच. पण अमेरिकी पाइंटात १६ औंस (४७३ मिली), ब्रिटिश पाइंटात २० (५६८ मिली). औंसाचं तर उलटंच: अमेरिकी औंस २९.५७ मिली, म्हणजे २८.४१ मिलीच्या ब्रिटिश औंसापेक्षा किंचित मोठा!

खरा घोळ होतो गाडीच्या ॲव्हरेजमध्ये. ‘गॅलनला ३० मैल’ म्हणजे अमेरिकी हिशेबाने लिटरला सुमारे १२.७५ किमी, ब्रिटिश हिशेबाने जेमतेम १०.६. परदेशी गाडीची माहिती वाचताना हा आकडा अमेरिकी असेल तर ०.४२५ने गुणा, ब्रिटिश असेल तर ०.३५४ने, येईल ते लिटरमागचे किलोमीटर.