गाडी नक्की किती देते?

मराठी माणसाने गाडी घेतली की रंग, वेग, किंमत या साऱ्यांच्या आधी एक प्रश्न विचारला जातो : ‘ॲव्हरेज किती देते?’ समुद्र ओलांडला म्हणून ही सवय सुटत नाही. गेली कित्येक वर्षे मी अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातील एडिसन या गावी राहतो. भारतीय वस्ती इथे भरपूर, त्यामुळे हा प्रश्नही भरपूर. इतरांना त्याचे उत्तर एका आकड्यात देता येते. मी मात्र अशी गाडी चालवतो की, तिच्याबाबत या प्रश्नाची दहा उत्तरे आहेत आणि दहाही खरी आहेत.

ही गाडी म्हणजे ‘प्लग-इन हायब्रिड’. साधी हायब्रिड आता सर्वांच्या परिचयाची आहे. टोयोटाची प्रियस १९९७ साली जपानमध्ये विक्रीला आली, तेव्हापासून या गाड्या रस्त्यावर आहेत. तिच्यात विजेची मोटर असते, परंतु ती वीज शेवटी पेट्रोलमधूनच येते. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठवायची आणि पुन्हा वापरायची, एवढीच तिची करामत. प्लग-इन हायब्रिडमध्ये बॅटरी बरीच मोठी असते आणि ती घरच्या प्लगवर, मोबाइलसारखी चार्जिंगला लावता येते. ती संपली की पेट्रोलचे इंजिन जबाबदारी घेते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतील प्राध्यापक अँड्र्यू फ्रँक यांनी आपल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून अशा गाड्या वर्षानुवर्षे बनवून दाखवल्या. बाजारात मात्र पहिला मान चीनच्या बीवायडीने डिसेंबर २००८ मध्ये मिळवला. अमेरिकेत डिसेंबर २०१० मध्ये शेवरोलेची व्होल्ट आली. २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. माझ्याकडे आहे ती २०१७ ची.

सरकारी चाचणीनुसार ही गाडी भरलेल्या बॅटरीवर सुमारे ८५ किलोमीटर जाते. त्यानंतर पेट्रोलवर गॅलनला ४२ मैल, म्हणजे आपल्या हिशेबाने लिटरला साधारण १८ किलोमीटर. माझे ऑफिस प्रिन्स्टनला. जाऊन-येऊन ६० किलोमीटर. उन्हाळ्यात आठवडेच्या आठवडे पेट्रोलचा थेंबही जळत नाही. मग ॲव्हरेज काय सांगायचे? अनंत? त्याच गाडीने सुटीत बोस्टनला जाऊन यावे, तर ॲव्हरेज एखाद्या चांगल्या पेट्रोल गाडीइतकेच पडते. गाडी तीच, चालवणारा तोच. मधे फक्त अंतर आणि प्लग.

या प्लगनेच युरोपातल्या सरकारांची फसगत केली. तिथे या गाड्यांचे अधिकृत ॲव्हरेज काढताना, मालक त्या नेमाने चार्ज करतील असे गृहीत धरले होते. २०२१ पासून तिथल्या नव्या गाड्यांमध्ये प्रत्यक्ष इंधनवापर नोंदवणारी यंत्रणा बसवणे सक्तीचे झाले. त्या नोंदी जमवून युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये अहवाल काढला. कागदावर या गाड्यांना १०० किलोमीटरला सरासरी १.७ लिटर पेट्रोल लागायला हवे होते. रस्त्यावर लागत होते ५.९ लिटर. म्हणजे कागदावर लिटरला ५९ किलोमीटर आणि प्रत्यक्षात १७! साध्या पेट्रोल गाड्यांमध्येही कागद आणि रस्ता यांत फरक पडतो, पण तो वीस-पंचवीस टक्क्यांचा. इथे तो साडेतीन पटींचा निघाला.

कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. युरोपात अशा असंख्य गाड्या कंपन्यांनी आपल्या नोकरदारांना दिल्या. करसवलत कंपनीला, पेट्रोलचे कार्डही कंपनीचे. घरच्या विजेचे बिल मात्र स्वतःच्या खिशातून. मग रात्री गाडी प्लगला कोण लावणार? चार्जिंगची वायर डिकीत पडून राहिली आणि त्या जड बॅटरीचे ओझे पेट्रोलचे इंजिन निमूटपणे वाहत राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. जर्मनीने या गाड्यांवरचे अनुदान २०२२ अखेर बंद केले, आणि अधिकृत ॲव्हरेज मोजण्याचे गणितही युरोपने २०२५ पासून कडक केले.

तेव्हा पहिला नियम एकच : गाडी रोज रात्री प्लगला लावावी. अमेरिकेतल्या घरगुती १२० व्होल्टच्या प्लगवर माझी बॅटरी भरायला तेरा तास लागतात, २४० व्होल्टवर साडेचार. बाकीच्या साऱ्या युक्त्या यानंतर. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

दुसरा नियम, कोणते इंधन कुठे खर्चायचे याचा. पेट्रोलचे इंजिन गर्दीत, थांबत-थांबत चालताना सर्वांत उधळे असते; मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने चालताना बरेच काटकसरी. विजेच्या मोटरीला गर्दीचे वावडे नाही. म्हणून बॅटरीच्या आवाक्याबाहेरचा प्रवास असेल तर हायवेवर लागताच मी ‘होल्ड’चे बटण दाबतो. बॅटरीतली वीज राखून ठेवली जाते, इंजिन हायवे काढते आणि शहरात शिरल्यावर राखलेली वीज कामी येते. काही गाड्यांमध्ये चालत्या इंजिनाने बॅटरी भरण्याचीही सोय असते. ती शक्यतो वापरू नये. पेट्रोलची वीज करायची, ती साठवायची आणि पुन्हा तिचीच गती करायची, यात दर पायरीवर थोडी गळती होते.

तिसरा नियम वेगाचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ९० ऐवजी ११५ किलोमीटरने गेले तर तो दीडपटीहून अधिक होतो. वीज असो वा पेट्रोल, ही किंमत दोघांनाही मोजावी लागते. टायरमधली कमी हवा आणि टपावरचे रिकामे कॅरियरही असेच गुपचूप खात असतात.

चौथा ब्रेकचा. ब्रेक लावला की मोटर उलटी चालून बॅटरीत वीज भरते, हे खरे. पण जेवढी खर्चली तेवढी कधीच परत येत नाही. पुढचा लाल सिग्नल लांबूनच पाहून पाय आधीच उचलणारा चालक, उशिरा ब्रेक लावून ‘वीज परत मिळाली’ म्हणून खूश होणाऱ्यापेक्षा नेहमी फायद्यात राहतो. चढाच्या टोकावर राहणाऱ्याने तर बॅटरी काठोकाठ भरून निघूच नये. खंडाळ्याहून खोपोलीला उतरणारी अशी गाडी डोळ्यांपुढे आणा : बॅटरी आधीच भरलेली असेल, तर घाटाने फुकट देऊ केलेली वीज ठेवायची कुठे?

आणि पाचवा नियम थंडीचा, जो इथे येऊनच कळतो. पेट्रोल गाडीत हीटर फुकट, कारण इंजिनाची उष्णता वायाच जात असते. विजेवर चालताना ही ऊब बॅटरीतून विकत घ्यावी लागते. जानेवारीत माझी ८५ किलोमीटरची बॅटरी जेमतेम ६० किलोमीटर पुरते, म्हणजे ऑफिसहून घरी पोचेतो काटा शून्यावर. उपाय दोन. निघण्यापूर्वी, प्लग लावलेला असतानाच गाडी आतून तापवून घ्यायची, म्हणजे ती ऊब भिंतीतल्या विजेवर निघते. आणि रस्त्यात सगळ्या गाडीची हवा तापवण्याऐवजी सीट व स्टिअरिंगचे हीटर लावायचे. माणूस उबेत राहिला म्हणजे झाले. पारा फारच उतरला तर बॅटरी भरलेली असूनही इंजिन आपण होऊन सुरू होते. तिथे वाद घालण्यात अर्थ नसतो.

आता पैशांचा हिशेब. विजेवर १०० किलोमीटरला साधारण १९ युनिटे लागतात, पेट्रोलवर साडेपाच लिटरच्या आसपास. जून २०२५ मध्ये न्यू जर्सीतले विजेचे दर १७ ते २० टक्क्यांनी वाढले. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त, तेव्हा माझी बचत आता शंभर किलोमीटरमागे जेमतेम काही सेंटांची उरली आहे. हाच हिशेब महाराष्ट्रात मांडून पाहा. वीज युनिटला दहा रुपये धरली तर १९० रुपये. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर धरले तर साडेपाचशेच्या पुढे. इथे काटकसर ही बऱ्याच अंशी हौस आहे. तिकडे ती घरखर्चातली ठळक रक्कम ठरेल.

पण ती कोणाच्या घरखर्चातली, हा खरा प्रश्न. एडिसनमध्ये अपार्टमेंटच्या संकुलांत भाड्याने राहणारी कितीतरी मराठी कुटुंबे आहेत. पार्किंग उघड्यावर, प्लग नाही. त्यांनी ही गाडी घेतली तर तिचे ॲव्हरेज युरोपातल्या त्या नोकरदारांसारखेच पडेल, आणि त्यात त्यांच्या आळसाचा काहीच भाग नसेल. ज्याच्याकडे गॅरेज आहे त्यालाच हे स्वस्त इंधन मिळते; नाही त्याने टाकी भरत राहावे. भारतात या गाड्या अजून मोजक्या आणि महाग आहेत. पण करसवलतींची चर्चा सुरू झाली आहे. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये हायब्रिड गाड्यांचा नोंदणीकर माफ केला, त्यात प्लग-इनही आल्या. ही चर्चा पुण्या-मुंबईत होईल तेव्हा कंपनीच्या पत्रकातला ॲव्हरेजचा आकडा पाहून सवलत ठरवू नये. गाडी रात्री उभी राहते कुठे आणि तिथे प्लग आहे का, हे आधी विचारावे. सोसायटीच्या सभेत पार्किंगमध्ये स्वतंत्र मीटरचा प्लग बसवण्याचा ठराव संमत करून घेणे हे गाडी निवडण्यापेक्षा कठीण काम आहे, पण लिटरला १७ आणि लिटरला ५९ यांतले अंतर कापण्याची सुरुवात त्या ठरावापासूनच होणार आहे.