उपवासाला 'पुआसा' म्हणणाऱ्यांचा देश

रमजानचा चंद्र दिसला की मलेशियातले मुसलमान रोजे धरतात. या रोज्यांना त्यांच्या मलय भाषेत म्हणतात 'पुआसा'. शब्द कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो ना? वाटणारच. आपला 'उपवास' समुद्र ओलांडून गेला आणि तिकडे 'पुआसा' झाला. रोज्याचे जे पुण्य पदरी पडते ते 'पहाला', म्हणजे फळ. रोजा मुद्दाम मोडला तर लागतो तो 'दोसा', म्हणजे दोष. धर्माला 'आगामा', नरकाला 'नेराका' आणि जन्नतला 'स्युर्गा'. इस्लाम पोहोचण्याआधी त्या बेटांवर आणि किनाऱ्यांवर हिंदू-बौद्ध राज्ये होती. लोकांनी धर्म बदलला, पण जिभेवरचे शब्द टाकले नाहीत. मशिदीतला इमामही आज 'पुआसा' म्हणतो आणि त्याच्या ईमानला त्याने काही बाधा येत नाही.

नेमक्या याच देशात 'अल्लाह' हा शब्द ख्रिस्ती माणसाला वापरता येईल की नाही, यावर वर्षानुवर्षे कोर्टकचेरी चालली.

मलेशियाच्या लोकसंख्येत ख्रिस्ती साधारण नऊ-दहा टक्के. त्यातले बहुसंख्य राहतात बोर्निओ बेटावरच्या साबाह आणि सारावाक या दोन राज्यांत. तिथे अनेक आदिवासी जमाती आहेत आणि प्रत्येकीची बोली वेगळी. या सगळ्यांना जोडणारी भाषा मलय. त्यामुळे चर्चमधली प्रार्थनाही मलयमध्येच होते आणि त्या प्रार्थनेत देवाला 'अल्लाह' म्हणतात. हे काही काल-परवा सुरू झालेले नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाचा मलय अनुवाद एका डच व्यापाऱ्याने केला आणि तो १६२९ मध्ये छापला गेला. त्यातही देवासाठी 'अल्लाह' हाच शब्द आहे.

अडचण सुरू झाली ती १९८६ मध्ये. गृह मंत्रालयाने त्या वर्षीच्या ५ डिसेंबरला एक आदेश काढला आणि बिगरमुस्लिमांच्या प्रकाशनांना चार शब्द बंद केले : अल्लाह, काबा, बैतुल्लाह आणि सलात. पुढे कॅथॉलिक चर्चच्या 'हेराल्ड' या साप्ताहिकावर हा आदेश शेकला. हेराल्ड चार भाषांत निघते : इंग्रजी, चिनी, तमिळ आणि मलय. सरकारचे म्हणणे होते, परवाना हवा असेल तर मलय पानांवर 'अल्लाह' नको. आर्चबिशप कोर्टात गेले.

३१ डिसेंबर २००९ रोजी क्वालालंपूरच्या उच्च न्यायालयात न्या. लाऊ बी लान यांनी चर्चच्या बाजूने निकाल दिला. आठवडा उलटला आणि जानेवारीच्या सुरुवातीला चर्चवर पेट्रोलबॉम्ब पडू लागले. एका चर्चचा तळमजला जळून गेला. सेंतुल भागातल्या गुरुद्वाऱ्यावर दगडफेक झाली. मशिदींचीही विटंबना झाली. शब्दाचा वाद कागदावरून रस्त्यावर यायला इतके दिवस पुरतात.

मलय मुसलमानाला भीती कशाची वाटली, हेही समजून घेतले पाहिजे. मलेशियाच्या राज्यघटनेत 'मलय' माणसाची व्याख्याच अशी आहे की तो इस्लाम पाळणारा असतो. म्हणजे धर्म गेला तर जातकुळीही गेली. त्यात मुसलमानांमध्ये इतर धर्मांचा प्रचार करण्यावर राज्यांना बंदी घालता येते, अशी तरतूद घटनेतच आहे. मलय भाषेतली बायबल, त्यात 'अल्लाह', उद्या आपली मुले गोंधळतील, हा युक्तिवाद घराघरांत पटणारा होता. ती भीती खोटी नव्हती. पण बारा-तेरा शतके अरब ख्रिस्ती शेजारी 'अल्लाह' म्हणत असताना अरब मुसलमान गोंधळला नाही आणि शेजारच्या इंडोनेशियात, जिथे जगात सर्वाधिक मुसलमान राहतात आणि भाषाही जवळपास तीच आहे, तिथे चर्चमध्ये आजही 'अल्लाह' म्हटले जाते. मग मलेशियातल्याच मुसलमानाचे ईमान इतके हलके आहे, असे सरकारने का धरून चालावे?

१४ ऑक्टोबर २०१३ रोजी अपील न्यायालयाने निकाल फिरवला. तिन्ही न्यायमूर्तींचे एकमत झाले. 'अल्लाह' हे नाव ख्रिस्ती श्रद्धेचा अविभाज्य भाग नाही, असे न्यायालयाने म्हटले. ख्रिस्ती श्रद्धेत अविभाज्य काय आणि काय नाही, हे ठरवायला तिथे धर्मोपदेशक नव्हे तर न्यायाधीश बसले होते. जून २०१४ मध्ये सर्वोच्च पातळीवरच्या संघीय न्यायालयाने चर्चला पुढे दाद मागायची परवानगीच नाकारली, तीही चार विरुद्ध तीन अशा निसटत्या मताने.

मुसलमान वाचकाने इथे क्षणभर थांबावे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या वडिलांचे नाव काय होते? अब्दुल्लाह. म्हणजे 'अल्लाहचा दास'. प्रेषितांच्या जन्माआधीच ते वारले. कुरआनची पहिली आयत उतरायला अजून चाळीस वर्षे होती. तरी मक्केतल्या एका बापाने आपल्या मुलाचे नाव अब्दुल्लाह ठेवले, कारण शब्द तिथे होता आणि सगळ्यांचा होता.

दुसरा प्रसंग हुदैबियाच्या तहाचा. साल ६२८. कलमे लिहायची वेळ आली तेव्हा सुरुवातीला 'बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम' लिहायचे ठरले. मक्केवाल्यांचा वकील सुहैल अडून बसला. हा 'रहमान' आम्हाला माहीत नाही, आमच्या जुन्या पद्धतीने 'हे अल्लाह, तुझ्या नावाने' एवढेच लिहा, असा त्याचा आग्रह. सोबतचे मुसलमान चिडले, पण प्रेषितांनी सुहैलच्या मनासारखे लिहायला लावले. तहाच्या कागदावर मुसलमान आणि मूर्तिपूजक या दोघांच्या मध्ये जो एक शब्द शाबूत राहिला, तो 'अल्लाह'च होता. आणि कुरआनच्या सूरह हजमध्ये मठ, चर्च, यहुद्यांची प्रार्थनास्थळे आणि मशिदी यांचा एकत्र उल्लेख येतो, तोही अल्लाहचे नाव जिथे मोठ्या प्रमाणात घेतले जाते अशा जागा म्हणून.

हे मलेशियातल्या आलिमांना ठाऊक नव्हते असे नाही. जानेवारी २०१० मध्ये 'पास' या तिथल्या इस्लामी पक्षाने जाहीरपणे सांगितले की ख्रिस्ती आणि यहुद्यांनी हा शब्द वापरायला इस्लामची हरकत नाही. तीन वर्षांनी त्याच पक्षाच्या उलेमा मंडळाने बायबलच्या अनुवादात मात्र हा शब्द नको, असा पवित्रा घेतला. मधल्या काळात कुरआनची एकही आयत बदलली नव्हती. निवडणूक जवळ आली होती.

या वादात शीख समाजाचीही धडधड वाढली होती. कारण गुरू ग्रंथसाहिबात 'अल्लाह' हे नाव पुन्हा पुन्हा येते. यातला एक धागा थेट पंढरपूरला जातो. ग्रंथसाहिबात संत नामदेवांची पदे आहेत आणि त्यांतल्या एका पदात नामदेव देवाला करीम, रहीम, अल्लाह अशा नावांनी हाक मारतात. मलेशियातल्या गुरुद्वाऱ्यात ते पद म्हटले जाते तेव्हा विठ्ठलाच्या भक्ताचा 'अल्लाह' त्या देशात ऐकू येतो. आदेशाच्या भाषेत बोलायचे तर नामदेवांनाही परवाना लागला असता.

आपल्याकडे उलट दिशेनेही असेच घडले. गोव्यातल्या फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' मराठीत ओवीबद्ध केले. त्यात परमेश्वर आहे, वैकुंठही आहे. आणि मुसलमानांच्या तोंडी रात्रंदिवस असलेले 'नमाज', 'रोजा', 'खुदा' हे शब्द तर अरबी नाहीतच. अरबीत ते सलात आणि सौम. आपले शब्द इराणचे, इस्लामआधीच्या फारसी बोलीतून आलेले. 'नमाज' आणि 'नमस्' एकाच मुळाचे, असे भाषाशास्त्र सांगते. हिशेब मागायलाच बसले तर इफ्तारच्या दस्तरखानावर स्वतःचे म्हणण्यासारखे शब्द कोणाकडे किती उरतील, हा प्रश्नच आहे.

हेराल्डचा खटला संपला तरी वाद संपला नाही. कारण दुसरा एक खटला शांतपणे सुरू होता. मे २००८ मध्ये सारावाकच्या मेलानाऊ जमातीतली एक ख्रिस्ती महिला इंडोनेशियातून परतली. विमानतळावर तिच्या सामानातल्या आठ सीडी अधिकाऱ्यांनी जप्त केल्या. धर्मशिक्षणाच्या सीडी, स्वतःच्या वापरासाठी आणलेल्या. शीर्षकांत 'अल्लाह' होते, एवढाच गुन्हा. सात वर्षांनी सीडी परत मिळाल्या. तिथे कोणीही थांबले असते. ती थांबली नाही. सीडी आल्या, पण माझ्या हक्काचे काय, हे तिला कोर्टाकडून ऐकायचे होते.

१० मार्च २०२१ रोजी न्या. नोर बी आरिफिन यांनी १९८६ चा आदेश बेकायदा आणि घटनाबाह्य ठरवला. निकालातली एक बाब तर चकित करणारी आहे. मंत्रिमंडळाने १९८६ मध्ये ठरवले होते ते वेगळेच : पुस्तकावर 'ख्रिस्ती लोकांसाठी' असे छापा आणि शब्द वापरा. गृह मंत्रालयाच्या आदेशात त्याची सरसकट बंदी झाली. म्हणजे पस्तीस वर्षांच्या भांडणाच्या मुळाशी मंत्रिमंडळाने न घेतलेला निर्णय होता. सरकारने अपील केले आणि २०२३ मध्ये ते मागे घेतले.

राज्यांचे कायदे मात्र उभे आहेत. राजधानीला लागून असलेल्या सेलांगोर राज्यात १९८८ चा असाच एक कायदा आहे. त्याच्या आधारे जानेवारी २०१४ मध्ये धार्मिक खात्याच्या लोकांनी बायबल सोसायटीच्या कार्यालयातून मलय आणि इबान भाषेतल्या तीनशेहून अधिक प्रती उचलून नेल्या होत्या. वर्ष सरता सरता त्या परत मिळाल्या, पण ज्यांच्याकडून नेल्या त्यांना नव्हे. समुद्रापलीकडच्या सारावाकमधल्या चर्चच्या संघटनेच्या हाती त्या सोपवण्यात आल्या.